सहा गाळे एकालाच द्यावेत का?

"काका, स. न. वि. वि. आमच्या बाबांनी १९९२ साली टिळकवाडीच्या बाजूला दोन मजली कॉम्प्लेक्स बांधले. खाली आठ गाळे, वर सहा. दोन वर्षांपूर्वी बाबा गेले. मृत्युपत्र केले नव्हते. दादा पुण्यात नोकरीला आहे, मी इथेच शाळेत शिकवते. त्यामुळे भाडे गोळा करण्यापासून नळ-दिव्यापर्यंत सगळे माझ्याकडेच. आईचा खर्च याच भाड्यावर चालतो. आता तयार कपड्यांच्या एका मोठ्या साखळी दुकानाने खालचे, कोपऱ्यापासूनचे सहा गाळे एकत्र मागितलेत. मधल्या भिंती काढून एकच हॉल हवा म्हणतात. महिना ९०,००० द्यायला तयार आहेत. या सहांत कोपऱ्यावर बेकरी, मग मॅचिंग सेंटर, शिंपीमामा, बांगड्या-कटलरी, झेरॉक्स आणि शेवटी मोबाईलवाला. मोबाईलवाल्याने गेल्या दिवाळीत दुकान बंद केले. उरलेल्या पाचांचे मिळून ४८,००० येतात. शिंपीमामा पहिल्या दिवसापासून आहेत, त्यांचा गाळा १२० चौरस फुटांचा आणि भाडे फक्त ३,०००. वरचे दोन गाळे वर्षभर रिकामे आहेत. दादा म्हणतो, भावनेत अडकू नकोस, सगळ्यांना नोटीस दे. पटत नसेल तर वाटणी करू, खालचे मला, वरचे तुला. त्याने पुण्याहून लीव्ह अँड लायसन्सचा, म्हणजे जागा फक्त वापरायची परवानगी देणाऱ्या कराराचा, एक नमुनाही पाठवलाय. साखळीवाल्यांचा नऊ वर्षांचा मसुदा इंग्रजीत आहे. भाडोत्री मला अक्का म्हणतात, त्यांच्या तोंडाकडे बघवत नाही. रात्र रात्र झोप नाही. काय करू? – एक वाचक, बेळगाव."

अक्का,

भाडोत्री तुम्हाला ज्या नावाने हाक मारतात, त्याच नावाने मीही हाक मारतो. वयाने मी तुमच्या बाबांच्या बरोबरीचा असेन, पण या पत्रापुरता तुमचा मान मोठा आहे.

आधी उत्तर सांगतो, कारणे मागून. सहा गाळे एकाला देऊ नका. आलेल्या मसुद्यावर तर नकोच. आणि खालचे-वरचे अशी वाटणी कोणत्याही परिस्थितीत करू नका. भाडोत्र्यांपेक्षा मला त्या वाटणीची जास्त भीती वाटते.

दादांवर मात्र रागावू नका. ते जे बोलताहेत त्यात एक खरी गोष्ट आहे. बाबांनी माणसे सांभाळली, पण भाडे सांभाळले नाही. तीस वर्षांहून जास्त काळ टिळकवाडीत ३,००० भाडे, हा चांगुलपणा असला तरी त्याचा भार आज आईच्या औषधपाण्यावर पडतो. वरचे दोन गाळे वर्षभर रिकामे राहिले, याचाही अर्थ कॉम्प्लेक्सकडे कुणीतरी नव्या नजरेने बघायला हवे होते असाच आहे. बदल करावा लागणार आहे. तो कुणापासून सुरू करायचा, एवढाच प्रश्न आहे.

आता एक कागद घ्या, कारण ९०,००० हा आकडा फार मोठा दिसतो आणि माणसाचे डोळे तिथेच थांबतात. समजा, जुन्या भाडोत्र्यांनी भांडण न करता दोन महिन्यांत गाळे रिकामे केले. पुढचे दोन महिने साखळीवाले फर्निचरसाठी बिनभाड्याचे मागतील. ही या धंद्यातली रीत आहे, तुमच्या मसुद्यातही ती असणार. समजा, ताबा घेतल्यापासून अठरा महिन्यांनी त्यांनी दुकान गुंडाळले. म्हणजे वीस महिन्यांत तुम्हाला भाडे मिळाले सोळा महिन्यांचे, १४,४०,०००. जुन्या पाचांकडून याच वीस महिन्यांत आले असते ९,६०,०००. फरक ४,८०,०००. यातून एजंटाचे एक महिन्याचे भाडे, म्हणजे ९०,००० गेले. पाच भिंती पाडणे, फरशी नव्याने करणे, हेस्कॉमकडून विजेचा भार वाढवून घेणे याला तीन लाख धरा. उरले ९०,०००. आता दुकान बंद पडले आहे आणि तुमच्याकडे सहा गाळे नाहीत, एक भला मोठा हॉल आहे. हॉल घेणारा सहज मिळत नाही. पाच महिने जरी तो पडून राहिला तरी जुन्या हिशेबाने २,४०,००० बुडाले. भिंती परत बांधायचा खर्च वेगळाच, आणि पाचही भाडोत्र्यांनी तोवर दुसरीकडे बस्तान बसवलेले असणार.

साखळीवाले नऊ वर्षे टिकले तर हिशेब उलटा होतो, हेही खरे. मग सगळा प्रश्न एकाच ठिकाणी येतो. ते टिकतील याची हमी कोण देते? ती हमी मसुद्यात असते किंवा नसते.

या ठिकाणी माझी स्वतःची गोष्ट सांगतो. माझे वडील शहापुरात एका गाळ्यात तांब्या-पितळेची आणि पुढे स्टीलची भांडी विकत. शहापूर म्हणजे संस्थानी काळात सांगलीकरांचे, बेळगावला लागून असलेली पण वेगळ्या कारभाराची पेठ. त्यामुळे तिथल्या दुकानदारांना आपल्या जागेचा मोठा अभिमान. १९८७ साली मालकाने चार गाळे रिकामे करून घेतले, एका मोठ्या शोरूमसाठी. वडिलांनी तक्रार केली नाही. तीन गल्ल्या पलीकडे जागा घेतली. जुने गिऱ्हाईक नव्या जागेची वाट धरायला दोन वर्षे लागली, आणि त्या दोन वर्षांत आईच्या पाटल्या गेल्या. ते शोरूम दीड वर्षात बंद झाले. मला जास्त आठवते ते नंतरचे. शोरूमचे शटर खाली आल्यावर त्या ओळीकडे माणसांची पावलेच वळेनाशी झाली. शेजारचा चहावाला, त्याच्या पलीकडचा छत्री दुरुस्तीवाला, ज्यांना कुणी नोटीस दिली नव्हती, तेही एकेक करून उठले. मालक वाईट नव्हता. त्याने चार गाळ्यांचे भाडे मोजले होते, पण त्या चार गाळ्यांमुळे बाकीचे कसे चालतात हे मोजले नव्हते.

तुमच्या कॉम्प्लेक्सची रचना वाचताना मला पहिल्यांदा दिसले ते हेच. मॅचिंग सेंटर, शिंपी, बांगड्या-कटलरी आणि वर ब्यूटी पार्लर असेल तर तेही, ही वेगवेगळी दुकाने नव्हेत. ही एका बाईची एकच फेरी आहे. चंदगडहून, गडहिंग्लजहून, खानापूरच्या खेड्यांतून माणसे लग्नाचा बस्ता बांधायला बेळगावात येतात. साड्या घेतात खडेबाजारात, नाहीतर शहापुरात. पण साडी घेतली म्हणजे काम संपले का? ब्लाऊजपीस जुळवायचे, अस्तर घ्यायचे, फॉल-पिको करायचे, माप द्यायचे, हातातल्या बांगड्या साडीशी जुळवायच्या. माप द्यायला एकदा, ट्रायलला एकदा, घ्यायला एकदा, म्हणजे शिंपीमामांमुळे तीच बाई तीन वेळा तुमच्या पायरीवर येते. दर वेळी सोबत आणखी दोघीतिघी असतात, लहान मूल असते, आणि मूल म्हटले की बेकरी आलीच. ३,००० भाडे देणारा तो १२० फुटांचा गाळा बाकीच्या चारांना किती गिऱ्हाईक देतो, हे तुमच्या वहीत कुठेच लिहिलेले नाही.

मोठ्या शहरांतले मॉलवाले हीच गोष्ट पैसे मोजून करतात. ज्या एका दुकानामुळे माणसे इमारतीत येतात, त्याला ते कमी भाड्यात जागा देतात आणि त्याच्या येण्यामुळे चालणाऱ्या छोट्या दुकानांकडून फुटाला जास्त भाडे घेतात. सुपरमार्केट, सिनेमागृह अशांना म्हणूनच फुटाच्या हिशेबात स्वस्त जागा मिळते. साखळीवाला तुमच्याकडे येऊन 'आम्ही आलो की गर्दी येईल' असे सांगतो तेव्हा तो स्वतःला असेच दुकान म्हणवून घेतो. येईलही गर्दी. पण त्याच्या हॉलमध्ये शिरलेले गिऱ्हाईक काचेच्या दारातून बाहेर पडते आणि गाडीला किक मारते. वरच्या मजल्यावरच्या दुकानांना त्याचा किती उपयोग होईल, हे गर्दी बघून कळत नाही.

म्हणून अंदाजावर जाऊ नका, मोजा. शाळेला सुट्टी असेल असा एक आठवडा घ्या, त्यात शनिवार-रविवार येऊ द्या, शक्य तर लग्नसराईतला. गाळ्यांसमोर एका बाजूला खुर्ची टाकून बसा. प्रत्येक दुकानासाठी एक वाटी आणि एका डब्यात चिंचोके. दुकानात माणूस शिरला की त्या वाटीत एक चिंचोका. आणि एक वाटी वेगळी ठेवा. जो माणूस एका दुकानातून निघून तुमच्याच दुसऱ्या दुकानात शिरला, त्याचा चिंचोका त्या वाटीत. मी हे कितीतरी मालकांना करायला लावले आहे. भाड्याची वही आणि चिंचोक्यांच्या वाट्या शेजारी ठेवल्या की मालक गप्प होतात. कोण गर्दी आणतो आणि कोण दुसऱ्याच्या गर्दीवर जगतो, हे तिथे उघड दिसते. या आठवड्यानंतर कदाचित तुम्हाला असेही दिसेल की बांगड्यांच्या दुकानात दिवसाला सहाच माणसे येतात. मग त्याच्याविषयी वेगळा निर्णय घ्यायला हरकत नाही. मला शिंपीमामांची बाजू घ्यायची नाही. जे खरे आहे ते तुमच्या हातात असावे, एवढेच म्हणतो.

आता मसुदा. इंग्रजी मसुदा घरी बसून एकट्याने वाचू नका. मराठी समजणाऱ्या वकिलाकडे जा आणि त्याच्याकडून एकेक कलम मराठीत ऐकून घ्या, आईलाही सोबत बसवा. आपल्या भागात कितीतरी माणसांनी न समजणाऱ्या भाषेतल्या कागदावर केवळ विश्वासाने सह्या केल्या आहेत आणि पुढची दहा वर्षे त्या निस्तरल्या आहेत.

अशा मसुद्यांत बहुधा काय असते ते सांगतो, तुमच्यात आहे का बघा. मुदत नऊ वर्षांची, पण ती तुम्हाला बांधणारी. त्यांना मात्र तीन महिन्यांची नोटीस देऊन केव्हाही उठता येते. मुदत नऊ वर्षांची आहे हे ऐकून दादा खूश झाले असतील, पण या कलमामुळे ती तीन महिन्यांचीच राहते. मागणी अशी ठेवा की पहिली तीन वर्षे त्यांनाही उठता येणार नाही, आणि उठले तर उरलेल्या महिन्यांचे भाडे द्यावे लागेल. ते दीड वर्षावर येतील, कदाचित दोनावर. त्याखाली जाऊ नका. दर तीन वर्षांनी १५ टक्के वाढ, हे ऐकायला भरघोस वाटते. वर्षाला ती पाच टक्क्यांपेक्षाही कमी पडते. अनामत तीन महिन्यांची म्हणाले असतील तर सहा मागा, कारण भिंती पाडून दिलेला हॉल परत पूर्वीसारखा करायचा खर्च त्या अनामतीतूनच वसूल करावा लागतो. आणि तो खर्च त्यांचा, हे स्वच्छ लिहून घ्या. कायद्याने भाडोत्र्याला स्वतः बसवलेल्या वस्तू काढून नेता येतात. काच, एसी, दिवे, सगळे एका रात्रीत जाते आणि मागे भोके पडलेल्या भिंती राहतात.

एका कलमाकडे विशेष लक्ष द्या. कॉम्प्लेक्समध्ये कपड्यांशी संबंधित दुसरे दुकान ठेवायचे नाही, असे बहुतेक साखळीवाले लिहून मागतात. हे कलम तुम्ही मान्य केले तर उद्या उरलेल्या गाळ्यांत, वरच्या मजल्यावर सुद्धा, मॅचिंग सेंटर किंवा ड्रेस मटेरियलवाला ठेवता येणार नाही. तुमच्या कॉम्प्लेक्सचा जो मूळ धंदा आहे त्यालाच कुलूप लागेल. दुसरे असे की १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यात, करारात मनाई नसेल तर भाडोत्र्याला जागा पोटभाड्याने देता येते. साखळीचे नाव असते, दुकान मात्र फ्रँचायझी घेतलेला तिसराच कुणी चालवतो, आणि भाडे थकले की दोघे एकमेकांकडे बोट दाखवतात. भाड्याची जबाबदारी कंपनीचीच, असे लिहून घ्या. फलकाचेही बघा. कर्नाटकात दुकानाच्या फलकावर ६० टक्के जागा कन्नडला देणे आता बंधनकारक आहे. फलक त्यांचा असेल तर त्यावरच्या नोटिशीला आणि दंडाला तेच जबाबदार, हे एका ओळीचे काम आहे, पण ती ओळ असू द्या.

कराचा मामला त्या मानाने सोपा आहे. धंद्याच्या जागेच्या भाड्यावर १८ टक्के जीएसटी लागतो, पण तुमचे वर्षाचे भाडे वीस लाखांच्या आत आहे असे दिसते. तुम्ही नोंदणी केलेली नसेल आणि भाडोत्री नोंदणीकृत असेल तर १० ऑक्टोबर २०२४ पासून तो कर भाडोत्र्यानेच सरकारला भरायचा आहे. कंपनी टीडीएस कापून भाडे देईल, तेव्हा आई, दादा आणि तुम्ही, अशा तिघांच्या नावाने हिस्सा ठरवून वेगवेगळे धनादेश घ्या, म्हणजे प्रत्येकाला आपापल्या विवरणपत्रात तो मिळेल. बाकी तुमचे सीए बघतील.

दादांनी पाठवलेला नमुना मात्र वापरू नका. लीव्ह अँड लायसन्स महाराष्ट्रात चालतो, कारण तिथल्या १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्यात त्याची खास तरतूद आहे आणि तिथे तो नोंदवावाच लागतो. इथे तो कायदा लागू नाही. कागल ओलांडून अलीकडे कर्नाटकात आले की कागद बदलतो, हे पुण्या-कोल्हापूरच्या पाहुण्यांना पटकन लक्षात येत नाही. शिवाय कागदाच्या मथळ्यावर काय लिहिले यापेक्षा जागेचा पूर्ण ताबा कुणाकडे दिला हे न्यायालये बघतात. सर्वोच्च न्यायालयाने १९५९ सालीच हे स्पष्ट केले आहे. मथळा लायसन्सचा आणि चावी भाडोत्र्याकडे, असे असेल तर ते भाडेपट्ट्यातच धरले जाण्याची शक्यता मोठी. आणि एक वर्षापेक्षा जास्त मुदतीचा भाडेपट्टा उपनिबंधक कार्यालयात नोंदवल्याशिवाय धरला जात नाही. नऊ वर्षांचा करार साध्या स्टँपवर केला तर त्यातली मुदतीची, न उठण्याची सगळी कलमे न्यायालयात दाखवता येणार नाहीत, आणि तो महिन्याच्या भाडोत्र्यासारखाच राहील. सगळीकडे अकरा महिन्यांचे करार दिसतात ते यामुळेच.

शिंपीमामांविषयी दादांना एक गोष्ट शांतपणे सांगा. मोठ्या गाळ्यांना, करार संपलेला असेल तर, पंधरा दिवसांची नोटीस देऊन दिवाणी न्यायालयात जाता येते. पण १९९९ च्या कर्नाटक भाडे कायद्यात, धंद्याच्या जागांपैकी १४ चौरस मीटरपर्यंतच्या छोट्या गाळ्यांना संरक्षण ठेवले आहे. १४ चौरस मीटर म्हणजे साधारण १५० चौरस फूट. मामांचा गाळा १२० फुटांचा आहे, भाडेही अगदी अल्प. वकिलाला मोजमाप आणि जुनी पावती दाखवून हे तपासून घ्या. तो गाळा त्या कायद्याखाली येत असेल तर नुसत्या नोटिशीने काही होणार नाही, कायद्यात दिलेली कारणे सिद्ध करावी लागतील आणि त्यात वर्षे जातील. साखळीवाला तोवर दुसरीकडे जाईल. कुणी सांगितले की कुलूप लावा, वीज तोडा, तर त्या माणसाला परत घरात घेऊ नका. बेकायदा बाहेर काढलेल्या माणसाला सहा महिन्यांच्या आत न्यायालयात जाऊन ताबा परत मिळवता येतो, मालक कोण हा प्रश्नसुद्धा तिथे उपस्थित होत नाही.

आता वाटणी. मृत्युपत्र नाही आणि जागा बाबांची स्वकष्टाची असेल, तर आई, दादा आणि तुम्ही, तिघांचा सारखा हिस्सा आहे. म्हणजे साखळीवाल्यांच्या करारावर तिघांच्या सह्या लागतील. दादा एकटे देऊ शकत नाहीत, तुम्ही एकट्या अडवून ठेवणेही बरे नाही. पण हिस्सा असणे आणि गाळे वाटून घेणे या वेगळ्या गोष्टी आहेत. देशात कितीतरी मॉल असे बसले की बांधणाऱ्याने दुकाने एकेकट्या मालकांना विकून टाकली. मग एकाने आपल्या गाळ्यात बँकेचे एटीएम ठेवले, दुसऱ्याने गोदाम केले, तिसऱ्याचे भाव वाढायची वाट बघत कुलूपच राहिले. प्रत्येक जण आपल्या गाळ्यापुरता शहाणा होता. कुठले दुकान कुठल्या दुकानाशेजारी असावे हे ठरवणारा कुणी उरला नाही, आणि जिन्यावरचा दिवा कुणी बदलायचा हेही ठरेना. जिथे एकच मालक राहिला आणि तो दुकाने निवडत, बदलत राहिला, ते मॉल तगले. तुमचा कॉम्प्लेक्स चौदा गाळ्यांचा आहे, पण नियम तोच. आज वाटणी झाली तर दादा खाली त्यांना हवे ते करतील, वरचा मजला खालच्या गर्दीवर जगतो म्हणून तो तुमच्या हातात हळूहळू मरेल, आणि पुढच्या पिढीत भाऊबहीण एकमेकांच्या दारात जाणार नाहीत. मालकी एकत्र राहू द्या, भाडे एका खात्यात जमा करा, दुरुस्तीसाठी त्यातला ठराविक भाग बाजूला ठेवा आणि बाकीचे तिघांत वाटा. हवे तर हे एका कागदावर लिहून तिघांनी सह्या करा.

मग करायचे काय? माझी सुचवण अशी. दुकाने दोन तऱ्हेची असतात. काही दुकाने दिसली म्हणून माणूस शिरतो. बेकरी, बांगड्या, मॅचिंग या जातीची. ती रस्त्यावरच हवीत, वर गेली की मेली. काहींकडे माणूस शोधत येतो. दाताचा दवाखाना, कॉम्प्युटर क्लास, झेरॉक्स-टायपिंग. ती एक जिना चढू शकतात. झेरॉक्सवाल्यांशी बोला, वरच्या रिकाम्या दोनपैकी एक गाळा थोड्या कमी भाड्यात द्या, पायऱ्यांवर बाणाचा फलक लावून द्या. शिंपीमामासुद्धा शोधत येणाऱ्यांतलेच, पण त्यांच्याकडे येणाऱ्या निम्म्या बायका गुडघेदुखीच्या असतील. त्यांना खालीच राहू द्या, आणि भाडे टप्प्याटप्प्याने वाढवा. ते नाही म्हणणार नाहीत, मला वाटते इतकी वर्षे कुणी विचारलेच नसेल.

झेरॉक्स वर गेले की बंद पडलेला मोबाईलचा गाळा आणि तो, असे शेजारशेजारचे दोन मोकळे होतात. ते आणि वरचा उरलेला रिकामा गाळा साखळीवाल्यांना देऊ करा, आतून जिना काढून. स्लॅब कापायचा तर आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा, १९९२ चे बांधकाम आहे. त्यांना हे कमी वाटेल. ते निघून गेले तर जाऊ द्या. तेच दोन गाळे चष्म्याच्या दुकानाला, रक्त तपासणीच्या केंद्राला, तयार पिठांच्या आणि मसाल्यांच्या दुकानाला देता येतील. अशा दुकानांत अजून बरीच माणसे स्वतः येतात. मोबाईलवाला का बंद पडला हे त्यालाच विचारून घ्या. मला वाटते रिचार्ज आणि कव्हर दोन्ही माणसाच्या हातातल्या फोनवरूनच मिळायला लागले. अशा धंद्याला पुन्हा तोच गाळा देऊ नका, भले तो जास्त अनामत देईल.

मॅचिंग सेंटर आणि बेकरीवाले दोघे रॅकमध्ये, भट्टीत पैसे घालणारे आहेत. त्यांना अकरा महिन्यांच्या टांगत्या करारावर ठेवू नका. तीन वर्षांचा करार नोंदवून द्या, वर्षाला पाच टक्के वाढ लिहा. त्यांना पक्की जागा मिळेल, तुम्हाला पक्की वाढ. ४८,००० चे ६०,००० व्हायला फार दिवस लागणार नाहीत, आणि त्यासाठी एकही भिंत पाडावी लागणार नाही.

साखळीवाल्यांच्या माणसाला सांगा, आई आणि दादांशी बोलून एक महिन्यात कळवते. ते घाई करतील, दुसरी जागा बघितली आहे म्हणतील. एक महिना मागाच. दादांना या महिन्यात दोन दिवस बेळगावला बोलवा आणि त्यातला एक दिवस चिंचोक्यांच्या वाट्यांशेजारी त्यांनाही बसवा.

शिंपीमामांकडे मात्र आज संध्याकाळीच जा. भिंती पाडायची बातमी एव्हाना त्यांच्या कानावर गेली असेल, आणि ती बाजारातून नाही तर तुमच्या तोंडून ऐकण्याचा त्यांचा हक्क आहे. भाडेवाढीचे त्याच भेटीत काढू नका. ते पुढच्या आठवड्यात.